शेवटचा बाक आणि बंद फाटक



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने शाळेतल्या बाकांवर आणि उशिरा येणाऱ्या पोरांवर तासभर काय बोलायचं? मी आयुष्यभर कॉलेजात न्याय, समता, स्वातंत्र्य असले शब्द शिकवत आलो. पण मुलगा कॉलेजात येतो तेव्हा न्यायाबद्दलचं त्याचं मत जवळजवळ तयार झालेलं असतं. ते तयार होतं शाळेत. मला कुठे बसवलं आणि मला उशीर झाला तेव्हा माझ्याशी कसं वागले, या दोन अनुभवांतून. संविधानातली कलमं नंतर येतात, बाक आणि फाटक आधी येतं. म्हणून आज या दोन नियमांकडे जरा नीट बघू. समोर शिक्षक आहेत, पालक आहेत, मागे नववी-दहावीची मुलंही बसलेली दिसतात. आणि मुलं मागेच का बसली आहेत, हाही आपल्या विषयाचाच भाग आहे!

आधी बाक. पंतोजींच्या जुन्या शाळेत बाक नव्हते. देवळात नाहीतर कुणाच्या तरी वाड्याच्या ओसरीवर मुलं जमिनीवर बसायची, धुळपाटीवर अक्षरं गिरवायची. लहान-मोठी सगळी एकत्र. बाकांच्या रांगा इंग्रजी अमदानीतल्या शाळांबरोबर आल्या. एक मास्तर, पुष्कळ मुलं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. जॉन ड्यूई नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ होते. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात यांच्या वर्गात बसले होते. १८९९ साली दिलेल्या व्याख्यानांत ड्यूईंनी एक गोष्ट सांगितली आहे. मुलांना हाताने काही करता येईल असे बाक शोधत ते दुकानं हिंडत होते. मनासारखे मिळेनात. शेवटी एक दुकानदार त्यांना म्हणाला, तुम्हाला मुलांनी काम करायचे बाक हवेत आणि आमच्याकडचे सगळे ऐकायचे आहेत. दुकानदाराच्या त्या बोलण्यात शिक्षणाचं अख्खं तत्त्वज्ञान आलं. बाक कसा आहे यावरून मुलाकडून काय अपेक्षा आहे ते कळतं.

पण बसण्याची जागा याहून खोल जखमही करू शकते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. आज त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, आणि तो दिवस आपण २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की वर्गात त्यांना वेगळं, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागे. ते गोणपाट शाळेचा गडी उचलत नसे, म्हणून रोज घरी न्यायचं आणि रोज परत आणायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. बघा, शाळेत प्रवेश मिळाला होता, हजेरीपटात नाव होतं. फक्त जागा दिली नव्हती. आत घेऊनही बाहेर ठेवता येतं, ते असं.

आता कुणी म्हणेल, सर, तो काळ गेला. गोणपाट गेलं, हे खरं. पण जागेवरून माणसाची किंमत ठरवणं गेलं का? पहिल्या बाकावर हुशार आणि मागे ‘ढ’, अशी मांडणी अजून कितीतरी वर्गांत दिसते. अॅडम्स आणि बिडल या दोन अभ्यासकांनी वर्गातल्या तासांचं चित्रीकरण तपासून १९७० साली दाखवलं की शिक्षकांचे प्रश्नोत्तरं, नजर, बोलणं बहुतांशी पुढच्या आणि मधल्या जागांवरच्या मुलांशी होतं. कडेची आणि मागची मुलं वर्गात असून नसल्यासारखी. म्हणजे मागे बसलेला मुलगा मागे पडलेला असतो म्हणून मागे बसतो, की मागे बसला म्हणून मागे पडतो? दोन्ही. आणि एकदा हे चक्र सुरू झालं की आपण त्याला मुलाचा स्वभाव म्हणतो.

आपल्या अक्कलकोट तालुक्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या कितीतरी घरांत कानडी बोलतात. काही मुलं कन्नड माध्यमाच्या शाळेत जातात, काही मराठी. घरात कानडी आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाला उत्तर येत असतं, पण मनात ते एका भाषेतून दुसरीत आणावं लागतं. दोन-चार क्षण जातात. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा हात वर होतो. चार वेळा असं झालं की पोरगं आपणहून मागे सरकतं. त्याला कुणी मागे बसवलेलं नसतं. पण पुढे बस, असंही कुणी म्हटलेलं नसतं.

मग कसं बसवायचं? केरळात २०२५ मध्ये एका मल्याळी चित्रपटामुळे चर्चा झाली आणि काही शाळांनी बाक अर्धवर्तुळात मांडले, म्हणजे शेवटचा बाकच उरू नये. कल्पना चांगली आहे. पण साठ मुलांच्या खोलीत अर्धवर्तुळ मावत नाही, हे इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. साधा उपाय म्हणजे दर आठवड्याला रांग पुढे सरकवायची. पैसे लागत नाहीत, सरकारी आदेश लागत नाही. ज्याला फळा दिसत नाही, ज्याला कमी ऐकू येतं, त्याला कायम पुढे ठेवा. तो भेदभाव नव्हे.

भेदभाव कुठला आणि सोय कुठली, हे ओळखायची एक कसोटी सांगतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९५ साली एक सूत्र मांडलं. दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेली एखादी कृती उघडपणे सांगून करता येत नसेल, तर ती अन्यायाची समजावी. हे राजकारणासाठी होतं, पण वर्गाला चपखल बसतं. ‘तुला चष्मा आहे म्हणून पुढे बसवलं’ हे मुलाच्या तोंडावर सांगता येतं. ‘तू अमक्या वस्तीतला म्हणून तिकडे बस’ हे सांगता येत नाही. जे कारण मुलाला सांगता येत नाही, ती मांडणी बदलायची. एवढं साधं आहे ते.

आता दुसरा नियम. उशीर.

बळ्ळारी जिल्ह्याचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी १८२३ साली तिथल्या देशी शाळांचा अहवाल लिहिला. धरमपालांनी १९८३ च्या ‘द ब्यूटिफुल ट्री’ या ग्रंथात तो छापला, म्हणून आपल्याला सहज वाचायला मिळतो. त्यात उशिराचा नियम असा दिला आहे. सकाळी जो मुलगा पहिला येईल त्याच्या तळहातावर सरस्वतीचं नाव लिहायचं. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना शाबासकी ना शिक्षा. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे प्रत्येकाला एकेक वाढवत जायची.

ऐकायला मजा वाटते. पण हिशेब करा. तीस मुलं असतील तर शेवटच्याला अठ्ठावीस छड्या. आणि तिसांची तीस मुलं पहाटेच हजर झाली तरी कुणीतरी तिसावा असणारच! म्हणजे हा नियम उशिराला शिक्षा करतच नाही, क्रमाला करतो. कितीही लवकर उठलं तरी एकाला मार ठरलेला. आजच्या आपल्या गुणांच्या शर्यतीतही हाच दोष आहे, पण तो वेगळा विषय.

त्या मानाने घड्याळ बरं. घड्याळ सगळ्यांना एकच वेळ सांगतं, आणि सगळे वेळेत आले तर कुणालाच शिक्षा नाही. पण घड्याळही आकाशातून पडलेलं नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली. तीही सगळ्यांनी लगेच मानली नाही. मुंबईत एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत तग धरून होती. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. आपलं अक्कलकोट शहात्तरच्या जरा पुढे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या साधारण पंचवीस मिनिटं मागे चालतो. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा पंचवीस झालेले असतात. म्हणून उशीर चालेल, असं मी म्हणत नाही. वेळ म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून केलेला करार आहे, एवढंच म्हणतो. करार पाळायचा असतो, आणि गरज पडली तर बदलायचाही असतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, मुलांची झोप व्हावी म्हणून. गंमत अशी की झोपेवरचं बरंचसं संशोधन किशोरवयाबद्दल आहे. त्या वयात शरीराची झोपेची वेळच पुढे सरकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवू नका असा सल्ला दिला, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून तसा कायदा लागू झाला. आपल्याकडे खोल्या कमी म्हणून शाळा दोन सत्रांत भरते, आणि सकाळी सातला कितीदा तरी हायस्कूलचीच मुलं येतात. त्यांची जांभई म्हणजे उद्धटपणा नव्हे.

तरीही शिस्त नको का? हवी. वेळ पाळणं म्हणजे दुसऱ्याच्या वेळेला किंमत देणं. बोर्डाच्या परीक्षेचा पेपर कुणासाठी थांबत नाही, रेल्वेही थांबत नाही. हे मुलाला शिकवायलाच हवं. प्रश्न आहे तो कसं शिकवायचं याचा.

तीन मुलं समजा. तिघंही प्रार्थना संपल्यावर आली. एकाच्या गावची एसटीच उशिरा आली. दुसरी मुलगी, आई पहाटे मजुरीला गेली म्हणून धाकट्याला अंगणवाडीत सोडून आली. तिसरा कोपऱ्यावर मित्रांशी गप्पा हाणत होता. सर विचारतात, ‘का रे?’ पहिला मान खाली घालून म्हणतो, ‘तडा आत्री सर’, उशीर झाला. तिघांना सारखीच शिक्षा केली तर समता झाली, न्याय झाला नाही.

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात याला फार सुंदर उपमा दिलीय. लेस्बॉस बेटावरचे गवंडी मोजायला शिशाची पट्टी वापरत. दगड वेडावाकडा असला की ती त्याच्या आकाराप्रमाणे वाकायची. आपल्याकडे पट्टी म्हटलं की तळहातच आठवतो! पण अॅरिस्टॉटलचं म्हणणं असं, की नियम सर्वांसाठी केलेला असतो, आणि आयुष्य एकेकाचं असतं. ज्या ठिकाणी नियम तोकडा पडतो तिथे तो वाकवणं हा नियमाचा भंग नाही, त्याची पूर्तता आहे.

यावर अनुभवी शिक्षक लगेच म्हणतील, सर, पट्टी वाकवायला लागलो की पुढाऱ्याचं पोरगं रोज आत आणि गरिबाचं बाहेर. आक्षेप खरा आहे. म्हणून वाकवायचं ते उघडपणे, लिहून. मघाची कांटची कसोटी इथेही लागू आहे. फाटकापाशी एक वही ठेवा. नाव, गाव, कारण, आणि कुठला तास बुडाला, एवढेच रकाने. मुलाला लगेच वर्गात पाठवा. बुडालेला भाग मधल्या सुट्टीत त्याने भरून काढायचा, ही त्याची जबाबदारी. कोपऱ्यावर गप्पा हाणणाऱ्यालाही हीच, आणि त्याचं नाव तिसऱ्यांदा आलं की पालकांना बोलवा. महिन्याच्या शेवटी ती वही वाचा. दहांतली सात नावं एकाच गावची निघाली, तर दोष मुलांचा नाही, गाडीच्या वेळेचा आहे. मग पत्र मुलांच्या घरी नको, एसटीच्या आगाराकडे जाऊ दे. आणि त्याच वहीत शिक्षकांनीही आपला उशीर लिहावा. सोलापूरहून येणाऱ्या गुरुजींची गाडी चुकली तर ती अडचण, पोराची चुकली तर तो आळस, हे मुलांना बरोबर कळतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कारणाने करू नका. फाटक बंद करून मुलांना बाहेर ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई करतं. हा कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. नववी-दहावीची मुलं त्याच्या बाहेर पडतात, आणि शाळा सुटण्याचं प्रमाण माध्यमिक टप्प्यावरच जास्त असतं. पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेली मुलगी फाटकाबाहेर उभी राहते, तेव्हा ती नुसती ताटकळत नसते. परतीची गाडी दुपारी. तोवर ती कुठे बसणार? स्टँडवर? शेजारच्या दुकानात? संध्याकाळी गावात कुणीतरी सांगणार, तुमची पोरगी आज स्टँडवर दिसली. अशा दोन-तीन वेळा झाल्या की घरात बोलणं सुरू होतं, कशाला पाठवायचं एवढ्या लांब, आता स्थळ बघू. एसटीचा मोफत पास सरकारने मुलींना दिलाय तो त्यांनी शाळेत पोचावं म्हणून. पोचलेल्या मुलीला शेवटच्या दहा पावलांवर अडवायचं, आणि त्याला शिस्त म्हणायचं, हे मला पटत नाही.

पालकांनी काय करावं? आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश आईवडील-पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. सह्या करून चहा पिऊन परत येऊ नका. दोनच प्रश्न विचारा. बाक किती दिवसांनी बदलतात? उशिरा आलेलं मूल पहिल्या तासाला कुठे असतं? हायस्कुलात पालक-शिक्षक सभेत हेच विचारा.

आणि शिक्षकांना एक विनंती. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा आठवडाभरात उशिराचा नियम मुलांकडूनच लिहून घ्या. मराठीत, कानडीत, उर्दूत, ज्याला ज्या भाषेत येईल तसा. मुलं मोठ्यांपेक्षा कडक शिक्षा लिहितात, असं बहुतेक शिक्षकांना दिसेल. तेव्हा त्यांना एवढंच विचारा, ‘आणि गाडीच आली नाही तर?’ त्यानंतर वर्गात जो वाद होईल, तो मी कॉलेजात घेतलेल्या न्यायावरच्या कित्येक तासांपेक्षा सरस असेल.

आता मागे बसलेल्या मुलांना पहिले प्रश्न विचारू द्या. मोठ्यांचे नंतर घेऊ.