पूर, लोहमार्ग आणि पाण्याची वाट

अमुक ठिकाणीं पाणी आल्यामुळें आगगाड्या बंद पडल्या, अशी बातमी पावसाळ्यांत आपण दरवर्षीं वाचतों. आणि चार दिवसांनीं गाड्या सुरू झाल्या कीं ती विसरून जातों. परंतु पुरानें लोहमार्ग नेमका कसा बिघडतो, त्याची दुरुस्ती कशी होते, आणि या सर्वांचा आपल्या बांधाशीं काय संबंध आहे, हें ज्याची जमीन रुळालगत आहे त्यानें तरी समजून घेतलें पाहिजे. तेवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखकाचा मुक्काम सध्यां पुण्यास कर्वेनगरांत आहे. ही वस्ती मुठेच्या कांठीं, पूर्वींच्या हिंगणें बुद्रुकच्या शिवारांत उभी राहिली. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेला जो लोंढा आला, त्याची गोष्ट येथें अद्याप सांगितली जाते. परंतु धरण फुटणें ही क्वचित् घडणारी गोष्ट होय. शेतकऱ्याचें व रेल्वेचें नित्याचें नुकसान होतें तें पाऊस फार झाला असतां पाण्यास वाट न मिळाल्यामुळें.

उदाहरणार्थ कोल्हापूरचा मार्ग घ्या. पुण्याहून दक्षिणेस जाणाऱ्या लोहमार्गास मिरजेहून कोल्हापूरकडे फांटा फुटतो. हा फांटा संस्थानी अमलांत, इ. स. १८९१ मध्यें सुरू झाला. त्यास वाटेंत कृष्णा व पंचगंगा या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें तेथें पाणी ५५ फुटांच्या वर चढलें व जुलै २०२१ मध्यें ५६ फुटांपर्यंत पोंचलें. दोन्ही वेळीं रुकडीजवळील पंचगंगेच्या पुलामुळें गाड्या थांबवाव्या लागल्या. शिरोलीपाशीं पुणें-बेंगळुरू महामार्गही पाण्याखालीं गेला, आणि जिल्ह्याचा माल जागच्या जागीं अडकला.

पूल उभा दिसत असतांही गाडी कां थांबवितात, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. पुलाच्या खांबावर धोक्याची खूण रंगविलेली असते. पाणी तेथवर आलें म्हणजे वाहून येणारीं झाडें वरच्या तुळयांवर आदळण्याचें भय असतें. त्याहून मोठें भय डोळ्यांस न दिसणारें आहे. जोराचें पाणी खांबाच्या बुडाची वाळू व माती खरवडून नेतें, आणि वरून शाबूत दिसणारा खांब खालून पोकळ होतो. म्हणून पाणी उतरल्यावर बुडाची तपासणी केल्याशिवाय गाडी सोडीत नाहींत.

भरावाची गोष्ट निराळी आहे. भराव म्हणजे शिवारांतून आडवा घातलेला मोठा बांधच होय. त्याच्या एका अंगास पाणी तुंबलें कीं तें मातींतून पाझरूं लागतें, भराव भिजून फुगतो व पायथ्याशीं ढासळतो. पाणी रुळांवरून वाहूं लागलें तर स्लीपरांखालची खडी वाहून जाते आणि रूळ अधांतरीं लोंबकळतात. पाण्याखालीं खडी आहे कीं नाहीं हें गाडीच्या चालकास कळण्याचा उपाय नसतो. ता. २७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापुरास येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरांत अडकली, आणि सुमारें १०५० उतारूंस नावांतून बाहेर काढावें लागलें. त्याच वर्षीं बोरघाटांत मंकी हिलच्या बाजूस मार्गाखालची जमीन खचली, व तेथील दुरुस्ती पावसाळा संपून गेल्यावरही कित्येक महिने चालली होती.

दुरुस्तीचा क्रम असा असतो. प्रथम गस्तीचे लोक मार्ग पायीं पाहतात. खचलेल्या जागीं मोठे दगड टाकून पायथा धरतात, त्यावर मुरूम व खडी घालून ती स्लीपरांखालीं ठोकून बसवितात, व रुळांची पातळी साधतात. मग रिकामें इंजिन किंवा मालगाडी अगदीं सावकाश नेऊन पाहतात. उतारूंच्या गाड्याही कांहीं दिवस मंद गतीनें जातात, कारण नवा भराव बसण्यास काळ लागतो. आपणही नवा बांध घालून लगेच त्यावर गाडी हांकीत नाहीं.

आतां आपल्या अंगाकडे वळूं. भरावांत ठिकठिकाणीं मोऱ्या ठेवलेल्या असतात. त्या गाळानें बुजल्या, किंवा खालच्या शेतकऱ्यानें ओघळ नांगरून टाकला, तर वरचें शिवार तळें होतें. नोकरींत असतां एका पुरानंतर मी पंचनाम्यास गेलों होतों. मोरीच्या वरच्या अंगास अकरा दिवस पाण्यांत उभा राहिलेला ऊस कुजला होता. खालच्या अंगास ओघळाच्या जागीं भुईमूग होता. नदी तेथून दीड कोसावर. तरी नुकसानीचें कारण म्हणून मीं ‘अतिवृष्टि व पूर’ एवढेंच लिहिलें, कारण नमुन्यांत दुसरें लिहिण्यास रकानाच नव्हता. शेतकऱ्यास मदत मिळाली; मोरी मात्र तशीच राहिली. दुसऱ्या वर्षीं तोच ऊस पुन्हां बुडाला. शेऱ्यांत एक ओळ मीं लिहावयास हवी होती, ही रुखरुख अजून आहे.

यास्तव वाचकांस दोन गोष्टी सांगावयाच्या. पहिली, रेल्वे कायदा, १९८९ याच्या कलम १६ अन्वयें लगतच्या जमिनींचें पाणी पूर्वींप्रमाणें वाहून जाईल अशा मोऱ्या व नाल्या करणें व राखणें हें रेल्वेचें काम आहे. म्हणून वैशाखांतच मोरी पाहावी, आणि ती बुजली असल्यास जवळच्या खांबावरील किलोमीटरचा आंकडा घालून लेखी अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. दुसरी, शेजाऱ्यानें पाण्याचा नैसर्गिक ओघ अडविला असल्यास मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ याच्या कलम ५ अन्वयें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल झाला पाहिजे. पंचनामा होत असतां पाणी कोठें अडलें हें तलाठ्याकडून लिहवून घ्यावें, आणि वाचून मगच सही करावी.

आणि ज्याच्या शेतांतून ओघळ जातो त्यानें दोन सऱ्यांच्या लोभानें तो मोडूं नये. ओघळ मोडल्यानें पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्याच्या पिकांत उभें राहतें, आणि तेथून रुळाखालीं शिरतें.