घरावर मजला चढविण्यापूर्वी

मुलाचें लग्न ठरलें, राहती जागा अपुरी वाटूं लागली, म्हणजे घरावर एखादी खोली चढवावी असा विचार गृहस्थाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. गवंडी येतो, भिंतीवर थाप मारतो, "काम जुनें, पक्कें आहे" असें सांगतो आणि कामास आरंभ होतो. ह्या आश्वासनावर किती भार ठेवावा, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

भार हा शब्द येथें अक्षरशः घ्यावा. १० बाय १२ फुटांची एकच खोली घेऊं. तिचा ५ इंच जाडीचा स्लॅब सुमारें साडेतीन टन भरतो. ९ इंची विटांच्या चार भिंती १० फूट उंच चढविल्या, तर दारेंखिडक्या वजा जातांहि त्या १५ टनांहून कमी भरत नाहींत. हें सर्व ओझें अखेर जुन्या पायावर व त्याखालील जमिनीवर उतरतें. तो पाया तें पेलील कीं नाहीं, हें थाप मारून कळत नाहीं. पायाजवळ खड्डा घेऊन त्याची खोली व रुंदी पाहावी लागते, खांबांतील लोखंड तपासावें लागतें व नंतर हिशेब मांडावा लागतो. हें काम स्ट्रक्चरल इंजिनियरचें आहे. त्याची फी एकंदर खर्चाच्या मानानें थोडी असते. ती वाचविण्यांत शहाणपण नाहीं.

दुसरी गोष्ट परवानगीची. महाराष्ट्रांत १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणें असें बांधकाम पूर्वपरवानगीनें करावें लागतें. विनापरवाना केलेलें पाडण्याची नोटीस येऊं शकते. कचेरीचे हेलपाटे कोणासहि आवडत नाहींत, हें आम्ही जाणतों. तथापि ४ एप्रिल १९१३ नव्हे, अगदीं अलीकडे, ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ शीळफाटा येथें एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसें दगावलीं, हें विसरतां येत नाहीं. वर मजले चढत होते आणि खालीं बिऱ्हाडें राहत होतीं.

काम सुरू झाल्यावर घरच्यांनीं दोन गोष्टींवर स्वतः नजर ठेवावी. स्लॅब ओतण्यापूर्वीं लोखंडाची बांधणी इंजिनियरनें पाहून जावी. कारण काँक्रीट पडल्यावर ती कोणासच दिसत नाहीं. आणि पाणी व टेकू यांत घाई नसावी. भारतीय मानक ४५६ प्रमाणें साध्या पोर्टलंड सिमेंटचें काँक्रीट निदान ७ दिवस व मिश्र सिमेंटचें १० दिवस ओलें ठेवावयाचें असतें. साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालील टेकू ७ दिवस व सहा मीटरपर्यंतच्या तुळयांखालील १४ दिवस काढावयाचे नसतात. मिश्र सिमेंटास याहून अधिक मुदत लागते.

लग्नाची तिथि जवळ आली म्हणून कंत्राटदार टेकू लवकर काढूं म्हणेल. अशा वेळीं पाहुण्यांची सोय शेजाऱ्यांकडे करावी. टेकूंस मात्र हात लावूं देऊं नये.