प्रेमभंग आणि चटका, मेंदूत एकाच जागी?

प्रेमभंगाचं दुःख आणि हाताला बसलेला चटका मेंदूत एकाच ठिकाणी उमटतात, ही बातमी २०११मध्ये बरीच गाजली. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या ४० जणांना एफएमआरआय यंत्रात झोपवलं. कधी दुरावलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवला, कधी डाव्या हाताला सोसवेल इतपत चटका दिला. दोन्ही वेळी मेंदूचे काही समान भाग सक्रिय झालेले दिसले.

पण ‘दोन्ही वेळी’ हे ठरवायचं कसं? यंत्र मेंदूचे हजारो बारीक ठोकळे पाडतं. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलला दोन विषयांचे गुण मिळतात, असं समजा. दोन्हीत पास व्हायचं तर कमी गुणांचा विषयही उत्तीर्ण हवा. म्हणून संख्याशास्त्रज्ञ दोनपैकी लहान आकडाच तपासतात.

वाद होता तो उत्तीर्णतेच्या रेषेचा. १९९९मध्ये लंडनच्या कार्ल फ्रिस्टन यांच्या गटाने वापरलेल्या पद्धतीत तुलना ‘दोन्ही वेळी काहीच घडत नाही’ या गृहीतकाशी होती. निव्वळ योगायोगाने दोन्ही विषय सुटणं दुर्मीळ, म्हणून रेषा खाली आणता येते: एकत्रित चूक ५ टक्के ठेवायची, तर प्रत्येक चाचणीत साधारण २२ टक्के चालते, कारण ०.२२ गुणिले ०.२२ म्हणजे जवळपास ०.०५. हिशेब चोख, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं. समजा, एखादा व्हॉक्सेल चटक्याला जोरदार प्रतिसाद देतो आणि विरहाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्याचा एक विषय सुटलेलाच असतो. दुसरा नशिबाने सुटण्याची शक्यता २२ टक्के! तरी नकाशावर तो ‘सामाईक’ म्हणून रंगणार. २००५मध्ये थॉमस निकोल्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं: ही चाचणी फार तर ‘निदान एकात तरी काही घडतंय’ एवढंच सांगते. ‘दोन्हीत’ म्हणायचं तर प्रत्येक चाचणी पूर्ण कसोटीला उतरली पाहिजे. फ्रिस्टन यांनी त्याच वर्षी आपली बाजू मांडली, पण मला निकोल्स यांचंच म्हणणं पटतं.

बरं, कडक कसोटी लावली तरी एका व्हॉक्सेलमध्ये लाखो चेतापेशी असतात. शिवाय विश्लेषणाआधी प्रतिमा काही मिलिमीटर पुसट केली जाते, त्यामुळे शेजारीही एकमेकांत मिसळतात. टोर वेगर हे २००५ आणि २०११ या दोन्ही निबंधांचे सहलेखक. त्यांच्याच गटाने २०१४मध्ये सुटे व्हॉक्सेल सोडून सक्रियतेचा संपूर्ण आकृतिबंध तपासला. सामाईक ठरलेल्या भागांतही चटक्याच्या वेदनेचा आकृतिबंध प्रेमभंगाच्या आकृतिबंधाशी जुळला नाही.