खवलं, खूर आणि पंगत

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल समाजात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे हे वंशज. घाण्यावर तेल गाळणं हा धंदा, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. धर्मग्रंथ समुद्राने नेले, हिब्रू विस्मरणात गेली, मराठी मायबोली झाली. पुढे डेव्हिड राहबी नावाचे ज्यू गृहस्थ या भागात आले. हे लोक आपल्यापैकीच असावेत असा त्यांना संशय आला, तेव्हा त्यांनी इथल्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवलं असलेली मासळी तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. राहबींची खात्री पटली.

राहबी नेमके कोणत्या शतकातले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कथेचा गाभा मात्र ठसठशीत आहे. पोथी बुडाली तरी पथ्य बुडालं नाही, आणि ते सांभाळलं चुलीपाशी बसलेल्या बायकांनी. खाण्याचे हे नियम नेमके आहेत तरी काय, आणि त्याच ग्रंथाला मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी ते का सोडले, हे समजून घेण्यासारखं आहे.

काय चालतं, काय नाही

हे नियम तोराहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, मुख्यतः दोन ठिकाणी येतात: लेवीयच्या 11व्या आणि अनुवादच्या 14व्या अध्यायात. जमिनीवरच्या जनावराला दोन खुणा हव्यात. खूर दुभंगलेला हवा आणि ते रवंथ करणारं हवं. गाय, शेळी, मेंढी, हरिण या कसोटीला उतरतात. उंट रवंथ करतो, पण त्याचा खूर ग्रंथाच्या लेखी दुभंगलेला नाही. डुकराचा खूर दुभंगलेला, पण ते रवंथ करत नाही. एक खूण असून भागत नाही, म्हणून दोघंही वर्ज्य. पाण्यातल्या जिवाला पर आणि खवलं दोन्ही लागतात. त्यामुळे रावस, पापलेट चालतं, आणि कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुल, शिंगाळा ताटात येत नाहीत. पक्ष्यांच्या बाबतीत ग्रंथ खूण न सांगता वर्ज्य पक्ष्यांची यादीच देतो, आणि तिच्यात गरुड, गिधाड, घुबड असे शिकारी व मृतभक्षक पक्षी बरेच आहेत.

जनावर शुद्ध असलं तरी रक्त निषिद्धच. प्राण रक्तात असतो आणि प्राणावर हक्क देवाचा, ही त्यामागची धारणा. म्हणून मटण आणलं की ते आधी अर्धा तास पाण्यात भिजवायचं. मग सगळीकडून जाडं मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर ठेवायचं, म्हणजे सुटलेलं रक्त साचून न राहता वाहून जातं. त्यानंतर तीनदा स्वच्छ धुवायचं. कलेजीत रक्त इतकं असतं की तिला मीठ पुरत नाही, ती विस्तवावर भाजूनच घ्यावी लागते. जेवणाआधीचे हे दीड-दोन तास घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट बजावतात: आपल्यासाठी एक जीव गेला आहे.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोराहमध्ये तीनदा येते. धर्मपंडितांनी तिचा विस्तार केला आणि मांस व दूध यांची पूर्ण फारकत झाली. भांडी वेगळी, आणि मांस खाल्ल्यावर दूध घेण्याआधी अनेक घरांत सहा तासांचं अंतर. कोकणात ही अडचण नारळाने सोडवली. बेने इस्रायल घरात मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध असतं, आणि ज्यू नववर्षाला होणारा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातला, म्हणजे सामिष जेवणानंतर तो बिनघोर खाता येतो.

यामागचं कारण

बाराव्या शतकातले तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीस यांनी या नियमांमागे आरोग्य पाहिलं. डुक्कर घाण पसरवतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे ज्यू भाष्यकार अब्राबानेल यांनी त्यावर बोट ठेवलं: डुक्कर खाणारे शेजारी तर धडधाकट दिसतात! मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1966 साली वेगळी मांडणी केली. सृष्टीच्या ठरलेल्या चौकटीत जे प्राणी बसत नाहीत, ते अशुद्ध ठरले, असं त्या म्हणाल्या. जेकब मिलग्रोम या बायबल-अभ्यासकांना यात जीव घेण्यावर घातलेला लगाम दिसला.

ग्रंथ स्वतः आरोग्याचं नाव घेत नाही. देव पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, एवढंच तो सांगतो. मला हेच उत्तर सगळ्यांत खोल वाटतं. दिवसातून दोनदा भूक लागते, आणि दर वेळी हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबायचं. माणूस घडवणारी याहून नेमाची शाळा कुठली?

या थांबण्याची किंमतही मोजावी लागली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अंतियोखस राजाच्या छळात एलाजार हा नव्वदीचा शास्त्री डुकराचं मांस तोंडात घेण्यापेक्षा मरण पत्करून गेल्याची हकिकत मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. 1536 साली पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, तेव्हा गुप्तपणे ज्यू राहिलेल्यांना ओळखण्याच्या खुणा जाहीर झाल्या. डुक्कर, ससा, वाम आणि बिनखवलांची मासळी न खाणं, या त्यांतल्या काही. हेच इन्क्विझिशन 1560 मध्ये गोव्यात पोचलं. जी मासळी नाकारल्यामुळे रायगडात नातं जुळल्याची कथा सांगतात, तीच नाकारणं पोर्तुगीज सत्तेखाली गुन्ह्याचा पुरावा होतं.

पेत्राचं दर्शन

ख्रिस्ती धर्माची सुरुवात ज्यू माणसांतच झाली. येशूचे पहिले शिष्य हेच नियम पाळत. बदलाचा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 10व्या अध्यायात आहे. येशूचा शिष्य पेत्र यापो गावी कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे उतरला होता. भर दुपारी भुकेल्या पोटी तो धाब्यावर प्रार्थना करत असता, चार कोपऱ्यांनी धरलेली एक चादर आकाशातून खाली येताना त्याला दिसली. तिच्यात सर्व तऱ्हेचे प्राणी होते. मारून खा, अशी आज्ञा झाली. आपण अशुद्ध कधी खाल्लेलं नाही, असं पेत्र म्हणाला. तीनदा हेच घडलं. तेवढ्यात कर्नेल्य या रोमन शतपतीची माणसं दाराशी आली, आणि पेत्राला दर्शनाचा अर्थ उमगला: कोणाही माणसाला अशुद्ध म्हणायचं नाही. तो परक्याच्या घरी गेला.

पंगत मात्र एका दिवसात एक होत नाही. पुढे अंत्युखियात हाच पेत्र टीकेच्या भीतीने गैरज्यूंच्या पंगतीतून उठला, आणि प्रेषित पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. इसवी सन 50च्या सुमारास यरुशलेमच्या बैठकीत तोडगा निघाला. गैरज्यूंवर सगळे नियम लादायचे नाहीत. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि व्यभिचार एवढं टाळावं. एकत्र जेवता यावं म्हणून दोन्ही बाजूंनी सोसलेली ती तडजोड होती, असं मी मानतो. पाश्चात्त्य चर्चमध्ये रक्ताची बंदी हळूहळू सुटली, आणि 1442 साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने तो नियम त्या काळापुरता होता असं जाहीर केलं. म्हणूनच गोव्याच्या ख्रिस्ती घरातल्या पारंपरिक सोरपोतेलात डुकराचं मांसच काय, रक्तही पडतं. उलट इथिओपियाच्या प्राचीन चर्चचे लोक आजही डुक्कर खात नाहीत. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथही लेवीयची यादी पाळतो. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ याच पंथाचं.

यापोच्या त्या दुपारचा पेच मराठीत कोणी जगून लिहिला असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांनी. नवरा ख्रिस्ती झाला, त्या परत त्याच्याकडे आल्या, तरी काही काळ त्यांनी आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. जातिभेद माणसाने केला, देवाने नाही, हे मनाला पटलं तेव्हाच त्यांनी सोवळं सोडलं. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण मांसाहार पत्करला नाही, आणि आग्रह करणाऱ्यांना ठाम उत्तर दिलं.

एकीने सोडलं, दुसरीने राखलं. दोघींचंही बरोबरच होतं. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हाच सल्ला दिला आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. कोणी काय शिजवावं यावरून शेजारी तुटत असताना, ताटावरून माणसाची लायकी ठरवायचं आपण थांबवलं पाहिजे. आणि पाहुणा घरी आला, तर त्याला काय चालतं ते आधी विचारावं, तेच आपुलकीने रांधावं, आणि त्याच्या शेजारी पान मांडून जेवायला बसावं.