स्थलांतरित श्रमिक आणि त्यांचे मानवी हक्क

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ लोहमार्गावर झोपी गेलेले सोळा श्रमिक मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. मध्य प्रदेशातून आलेले हे श्रमिक आपल्या जालना शहरातील पोलाद उद्योगात राबत होते. टाळेबंदीत काम थांबले, म्हणून ते रुळांवरून पायी गावाकडे निघाले होते. दुसरीकडे, दसरा-दिवाळीनंतर आपल्याच जिल्ह्यातील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हणजे आपल्याकडे परके श्रमिक येतात आणि आपली माणसे परमुलखात जातात. हा प्रश्न आपण दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

गाव सोडणे हा अपराध नव्हे. जातीच्या जाचातून सुटण्यासाठी आपल्या पूर्वजांनी शहराची वाट धरली, हा आपला इतिहास आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क नागरिकांना दिला. अनुच्छेद १४ व २१ मात्र केवळ नागरिकांपुरते नाहीत. ते प्रत्येक व्यक्तीला समता, जीवित आणि स्वातंत्र्य यांचे संरक्षण देतात. तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून १९६४ च्या सुमारास आलेल्या, बहुसंख्येने बौद्ध असलेल्या चकमा समाजाला अरुणाचल प्रदेशातून हुसकावण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याच अनुच्छेद २१ चा आधार घेऊन त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली.

परदेशी राबणाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. तो १ जुलै २००३ पासून अमलात आला. अधिकृत शासकीय अधिकाऱ्याखेरीज कोणीही कामगाराचा पासपोर्ट जप्त करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कारण पासपोर्ट मालकाकडे गेला की काम सोडण्याचे स्वातंत्र्यही जाते. मुकादमाची न फिटणारी उचल नेमके हेच करते. भारताने या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही; कामगार बोलावणारे बहुतेक श्रीमंत देशही त्याबाहेरच आहेत.

तरी आपल्या हाती काहीच नाही, असे नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी कामगार भरती करणाऱ्या दलालाची नोंदणी आवश्यक आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना आखाती देशांत नोकरीस जाताना शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आंतरराज्य स्थलांतरितांसाठीच्या १९७९ च्या कायद्याने कंत्राटदारास परवाना आणि श्रमिकास मजुरीची नोंद असलेले छायाचित्रासह पासबुक बंधनकारक केले होते; हा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिधापत्रिका देशभर चालावी म्हणून सर्व राज्यांना मुदत घालून दिली.

कायदा कागदावर असला तरी तो मागणारा माणूस लागतो. म्हणून पालकांना आमची विनंती : उचलीचा व मजुरीचा हिशेब लेखी घ्या, मूळ कागदपत्रे स्वतःजवळ ठेवा, दलालाचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि आज अधिकारी, अभियंते, कंत्राटदार झालेल्या माजी विद्यार्थ्यांना सांगणे असे की, आपल्या हाताखालील परप्रांतीय श्रमिकाचे नाव आणि त्याची मजुरी नोंदवहीत आहे ना, हे प्रथम पाहा. आपल्या आईवडिलांना परमुलखात जो न्याय मिळावा असे वाटते, तोच येथे त्यालाही मिळाला पाहिजे.