एअरबॅग आहे, मग सीटबेल्ट कशाला?

"गाडीत सहा एअरबॅग आहेत, बेल्ट कशाला लावू?" परवा मित्राने मला विचारलं. मी त्याला स्टिअरिंगवरची 'एसआरएस' ही अक्षरं दाखवली. पहिला 'एस' म्हणजे सप्लिमेंटल, म्हणजेच पूरक. मुख्य काम बेल्टचं, एअरबॅग फक्त मदतीला!

धडक बसताच एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. बेल्ट नसेल तर आपण पुढे फेकले जातो आणि फुगणारी बॅगच तोंडावर आदळते.

खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हाताने लागणारा आजचा बेल्ट व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. कंपनीने पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणून तो आज तुमच्याही गाडीत आहे. मागे बसलात तरी लावा!