शंभर गढ्यांचा रस्ता, आणि नमुना कोणी निवडला हा प्रश्न

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि 'सॅम्पलिंग' या मथळ्याखाली नेमकं काय लिहायचं ते सुचत नाही, असे दोन-तीन मेल दर महिन्याला येतातच. बहुतेक जण तिथे 'रँडम सॅम्पलिंग' असं लिहून मोकळे होतात. गाईडही सही करतात. मग व्हायवाला कोणीतरी विचारतं, "रँडम म्हणजे कसं?", आणि गाडी अडते. आज त्याचं उत्तर एका सायकल रूटवरून द्यायचा प्रयत्न करते. रूट जर्मनीतला आहे, प्रश्न मात्र तुमच्या सिनॉप्सिसमधलाच आहे.

जर्मनीच्या वायव्येला, नेदरलँड्सच्या सीमेला लागून म्युन्स्टरलांड नावाचा ग्रामीण पट्टा आहे. मधोमध म्युन्स्टर शहर, ज्याच्या नगरभवनाचं नाव १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाशी जोडलेलं आहे, आणि चहूकडे शेती. जमीन जवळजवळ सपाट. आतली सगळ्यात उंच टेकडी बाउमबेर्गेची, तीही १९० मीटर भरत नाही. म्हणजे पाय न दुखवता दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात. म्युन्स्टरमध्ये सायकलला स्वतःचा बोली शब्दसुद्धा आहे, 'लेत्से'. यावरून काय ते समजा.

या भागातला सगळ्यात नावाजलेला रूट म्हणजे 'शंभर गढ्यांचा रूट'. एकूण लांबी हजार किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार फेऱ्या. दक्षिण फेरी सगळ्यात छोटी, साधारण २१० किलोमीटरची. ती मी चार दिवसांत केली. ल्युडिंगहाउजनजवळची फिशरिंग गढी त्याच भागात आहे. १२७१ मध्ये म्युन्स्टरच्या बिशपने स्थानिक सरदारांवर वचक ठेवायला ती बांधली. तिथून जवळच नोर्डकिर्शनचा भलामोठा राजवाडा आहे, ज्याला लोक 'वेस्टफालियाचं व्हर्साय' म्हणतात. त्याचं काम १७०३ मध्ये सुरू झालं आणि श्लाउन या वास्तुविशारदाने १७३४ मध्ये ते पूर्ण केलं. आज तिथे कर खात्याचे अधिकारी शिकतात. (हे वाचून हसू आलं असेल तर मलाही आलं होतं.) टेकड्या नाहीत म्हणून इथल्या गढ्या पाण्यात बांधल्या: भोवती खंदक, त्यावर पूल. दिसायला सुंदर, फोटोला त्याहून सुंदर.

चार दिवस असं फिरल्यावर कोणालाही वाटेल की म्युन्स्टरलांड म्हणजे गढ्यांचाच देश. आता जरा गणित करू.

म्युन्स्टर शहर आणि भोवतालचे चार जिल्हे धरले तर क्षेत्रफळ सुमारे ६,००० चौरस किलोमीटर होतं. नावाप्रमाणे शंभर गढ्या धरल्या तर सरासरी ६० चौरस किलोमीटरला एक गढी पडते. समजा तुम्ही गढ्या कुठे आहेत ते न बघता नकाशावर हजार किलोमीटरची रेघ मारली, आणि सायकलवरून दोन्ही बाजूंचं अडीचशे-अडीचशे मीटर तुम्हाला नीट दिसतं. तुम्ही पाहिलेली जमीन झाली अर्धा किलोमीटर गुणिले हजार, म्हणजे ५०० चौरस किलोमीटर. भागिले ६०. जेमतेम आठ गढ्या! रूटवर मात्र शंभर. म्हणजे बारापट. (रेघ स्वतःला ओलांडत नाही, गढ्या विखुरलेल्या आहेत वगैरे गृहीतकं आहेतच. ती लिहायला विसरू नका, व्हायवाला तेच विचारतात.)

यात पर्यटनवाल्यांनी फसवलं असं काही नाही हं. त्यांनी नावातच सांगितलंय की आम्ही गढ्या दाखवणार. फसवणूक होते ती आपण त्या रस्त्यावरून प्रदेशाबद्दल निष्कर्ष काढतो तेव्हा. नमुना एका हेतूने निवडलेला असतो आणि आपण त्याला दुसराच प्रश्न विचारतो. 'सोयीचा नमुना' हा शब्द तुम्ही वाचला असेल. हा त्याच्या शेजारचा, जास्त अवघड प्रकार आहे, कारण यात नमुना दुसऱ्याने निवडलेला असतो आणि तयार हातात येतो. सरकारी डेटासेट, जुन्या हर्बेरियममधल्या नोंदी, दवाखान्यातले केसपेपर, सगळं याच जातीचं. वनस्पतींच्या जुन्या नोंदी रस्त्याकडेला दाट आणि आत विरळ असतात, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. झाडं रस्त्याकडेला जास्त नव्हती, नोंद करणारा माणूस तिथे जास्त होता.

मग या रूटवर काय दिसत नाही? मी मातीवर काम करते, त्यामुळे माझं उत्तर मातीचं.

म्युन्स्टरलांडचा मधला भाग चिकणमातीचा. पश्चिम आणि पूर्वेकडचे पट्टे मात्र वाळूचे, निकस. अशा वाळूत राय कशी पिकवायची? मध्ययुगापासून इथल्या शेतकऱ्यांनी एक अफाट कष्टाचा उपाय केला. माळरानावरची गवत-झुडपं मुळांसकट, खालच्या थोड्या मातीसह, चौकोनी ढेकळांसारखी कापायची. या ढेकळांना 'प्लागन' म्हणतात. ती गोठ्यात अंथरायची, गुरांच्या शेणामुताने भिजू द्यायची आणि मग गावाजवळच्या शेतात नेऊन पसरायची. दर वर्षी, पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याकडे शेतात मेंढ्या बसवतात किंवा तळ्यातला गाळ टाकतात, त्याच घराण्यातली ही गोष्ट, फक्त मुख्य मजुरी माळ सोलण्याची.

याचा परिणाम असा की शेताची जमीन वर्षाला सरासरी मिलिमीटरभर उंच होत गेली. मिलिमीटर म्हणजे किती? एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, वजनात १३ ते १५ टन. आणि हे तर मागे उरलेलं. कुजून गेलेलं सेंद्रिय द्रव्य यात धरलेलं नाही. सातशे वर्षं हे चाललं तर सत्तर सेंटिमीटर माणसाने रचलेली माती तयार होते. अशा शेताला 'एश' म्हणतात, आणि जगाच्या मृदा-वर्गीकरणात या मातीला स्वतंत्र जागा आहे. जर्मनीत २०१३ ची 'वर्षाची माती' म्हणून हिचीच निवड झाली होती. रासायनिक खतं आल्यावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, हा उद्योग थांबला.

सायकलवरून एश ओळखता येतो. शेत मधे किंचित फुगलेलं दिसतं आणि कडेला अर्धा-एक मीटरची उतरंड असते. खोदलं तर वरून खालपर्यंत एकसारखा करडा किंवा तपकिरी थर लागतो, त्यात फॉस्फेट जास्त आणि मधूनमधून खापरांचे तुकडे, कारण घरातला केरही त्याच ढिगात जायचा. कुठलाही खंदक न खणता उभी राहिलेली ही इथली सगळ्यात मोठी बांधकामं आहेत असं मला वाटतं. त्यांच्यासाठी सायकलवरून उतरणारे मात्र थोडेच.

हे बांधणारे कोण? गढीवाले नक्कीच नाहीत. मोठे शेतकरी, त्यांचे गडी, आणि विशेषतः उत्तरेकडे 'हॉयरलिंग' नावाची भूमिहीन कुळं, जी लहानशा घराच्या आणि तुकडाभर जमिनीच्या बदल्यात मालकाकडे राबायची. त्यांतले बरेच पुरुष उन्हाळ्यात चालत हॉलंडला जाऊन गवत कापायचे, पीट खणायचे. १८३० नंतर कितीतरी कुटुंबं अमेरिकेत ओहायो, मिसुरीकडे निघून गेली. मागे राहिलेली त्यांची घरं मोजकीच. मातीत मात्र त्यांचं काम शिल्लक आहे. गढ्यांच्या यादीवरून या समाजाचा इतिहास लिहायला बसलात तर ही माणसं गळतील, आणि गळली हे तुम्हाला कळणारही नाही. नमुन्याच्या दोषाचा सगळ्यात वाईट भाग हाच असतो: डेटामध्ये भोक दिसत नाही, डेटा छान पूर्ण वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी मला परत आल्यावर नकाशे बघताना लक्षात आली. तुम्ही ज्यावरून सायकल चालवता तो रस्ताही डेटाच आहे. इथली शेतघरं गावात दाटीने नसून विखुरलेली. त्यामुळे शेजारी जायला, चर्चला जायला अगणित पायवाटा पडल्या. त्यांना तिकडच्या बोलीत 'पेट्के' म्हणतात. आपली पाणंदच. दोन्ही बाजूंना मातीच्या बांधावर लावलेली झाडी, जिला 'वालहेके' म्हणतात. सामायिक माळरानांची वाटणी झाली तेव्हा त्यातल्या पुष्कळ बांधांची भर पडली. पुढे विसाव्या शतकात जमिनीचं एकत्रीकरण झालं. तुकडे जोडले, बरेच बांध सपाट केले, आणि ट्रॅक्टरसाठी शेतरस्ते डांबरी केले. आज सायकलवाल्यांना जो गुळगुळीत, गाड्या नसलेला रस्ता मिळतो, तो बऱ्याच ठिकाणी हाच. म्हणजे जिथे जुना भूप्रदेश जास्त बदलला, तिथे सायकल चालवायला सोपं. 'ऐतिहासिक ग्रामीण प्रदेश' बघायला आपण नेमके त्या रस्त्याने जातो! ऱ्हाइने ते कोसफेल्ड हा सुमारे ४० किलोमीटरचा सायकलमार्ग तर बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर आहे. त्यावर चढ जाणवत नाही याचं कारण आगगाडीला चढ चालत नव्हता, बाकी काही नाही.

बरं, उपाय काय? प्रश्न मातीचा असेल तर रस्ता मातीला आडवा हवा. याला ट्रान्सेक्ट म्हणतात: ज्या दिशेने गोष्ट बदलते त्या दिशेने रेघ मारायची. म्युन्स्टरलांडमध्ये अशी एक रेघ एका दिवसात होते. पश्चिमेला बिलरबेकपासून निघा. बाउमबेर्गेचा चुनखडीयुक्त वालुकाश्म इथलाच, गढ्यांना आणि म्युन्स्टरच्या चर्चना तोच वापरलाय. मग हाविक्सबेकवरून ह्युल्सहोफ गढी, जिथे १७९७ मध्ये कवयित्री आनेटे फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ जन्मली (जुन्या २० मार्कच्या नोटेवर तिचंच चित्र होतं). थोडं पुढे ऱ्युशहाउस, जिथे ती वडिलांच्या मृत्यूनंतर १८२६ पासून राहिली. तिने माळ, बांधांची झाडी यांचं गद्य वर्णन करून ठेवलंय, आणि ते १८४५ मध्ये छापलं गेलं. संशोधकाला ते आज नोंदीसारखं वापरता येतं, अर्थात गढीत जन्मलेल्या बाईची नोंद म्हणून. पुढे म्युन्स्टर, आणि पूर्वेला एम्स नदीकाठी टेल्गटे. तिथे वाळू. एकूण साधारण चाळीस किलोमीटर. गढ्या यातही येतात, पण आता त्या वाटेत येतात, वाट त्यांच्यासाठी वळत नाही.

खरंखुरं रँडम हवं असेल तर त्याचीही सोय आहे. बेल्जियमच्या लिम्बुर्गमध्ये ह्यूगो बोलन या खाण अभियंत्याने १९९० च्या दशकात सायकल रस्त्यांच्या तिठ्यांना क्रमांक द्यायची पद्धत काढली. सुरुवात एका ठिकाणाहून, मग फक्त आकडे लक्षात ठेवायचे: ४२, १७, ६३. ही पद्धत नेदरलँड्समधून जर्मनीत आली आणि आता म्युन्स्टरलांडमध्येही आहे. तिठ्यांची यादी करा, संगणकाकडून वीस आकडे काढून घ्या आणि तिथे तिथे जा. तरीही लक्षात घ्या, तुम्ही रँडम निवडलेत ते तिठे, जमीन नव्हे. तिठे जिथे दाट तिथे तुमचा नमुनाही दाट. सिनॉप्सिसमध्ये 'रँडम' हा शब्द लिहिलात तर पुढच्याच वाक्यात 'कशातून' ते लिहा.

खतावरून एक सांगायचं राहिलं. ज्या मुलखात शेणखत पुरत नाही म्हणून माळ सोलले, तिथे आज डुकरं-गुरं इतकी की खत जास्त होतं आणि नायट्रेट भूजलात उतरतं. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने नायट्रेटच्या नियमांवरून जर्मनीविरुद्ध निकाल दिला, त्यामागे अशाच दाट पशुपालनाचे भाग होते. डुकरांसाठी मका लागतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच मका असतो आणि एशचा फुगवटा काही दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जा, शेतं उघडी असतात. वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणून बिलरबेकहून पूर्वेकडेच निघा. दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं.